अकरा आकडे

उजव्या मनगटाला प्लास्टर, तीन आठवड्यांचं.
न्हाणीत पाय घसरला, एवढंच निमित्त.
आणि केस अजून कमरेखाली.

आष्ट्याला भाचीचा साखरपुडा, साडेदहाची वेळ.
शेजारच्या त्रिशलावर भिस्त होती,
ती पहाटेच्या गाडीनं मिरजेला गेली.
"वेणी घालू?" हे दारातूनच म्हणाले.
साखरपुड्याला वेणी! अठ्ठावन्नाव्या वर्षी!
"अंबाडा हवाय."
"मग सांग की. करू."

चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलतात.
नखांच्या कडा पिवळ्या, आता त्या तशाच राहायच्या.
हात दोनदा साबणानं धुतले, पंचाला पुसले,
आणि माझ्या पाठीशी उभे राहिले,
काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे.

खालून विंचरा, मी म्हटलं. टोकापासून वर.
वरून ओढलं की गुंता खाली जाऊन बसतो.
"सुतळीचंबी तसंच असतंय," म्हणाले.
मग खोबरेल, तळहाताला चार थेंब.
मग सगळे केस एका मुठीत, मानेच्या खळीपाशी.
"वर घ्या. अजून जरा.
एवढं वर नव्हे हो, मी काय जोगीण आहे जटा बांधायला?"

पीळ द्यायला मात्र शिकवावं लागलं नाही.
एक, दोन, तिसऱ्याला केस आपसूक वळले स्वतःभोवती
आणि कळ टाळूपर्यंत गेली.
"पोत्याचं तोंड नाही हो ते."
हात एकदम ढिले. सगळं पाठीवर ओघळलं.

दुसऱ्यांदा गाठोडं झालं.
तिसऱ्यांदा डावीकडं कललं.
आरशात मला नुसता त्यांचा चेहरा,
दोन आकडे ओठात धरलेला, आई धरायची तसा.
माझं मागचं मला कधी दिसलेलंच नाही.
इतकी वर्षं बोटांनीच बघत आले मी माझा अंबाडा.

"इथं रुपयाएवढं पांढरं झालंय," ते म्हणाले.
"आणि कानामागं व्रण हाय. कशाचा?"
चिंचेवरून पडले होते. चौथीत.
छत्तीस वर्षांत विचारलं नव्हतं.
छत्तीस वर्षांत दिवसाउजेडी
केसांना हात तरी कधी लावला होता,
कळणार कुठून.

आकडा आधी उलटा धरा.
थोडेसे केस उचला, मग फिरवा,
टाळूला घासून आत सरकवा. टोचू द्या, चालेल.
श्वास धरून घातला पहिला.
"लाभ," म्हणाले. यार्डात कुणी एक म्हणत नाही.
लाभ, दोन, तीन…
अकराव्याला हलकेच बोटानं ढोसून बघितलं,
हलत नाही म्हटल्यावर
अबोलीचा गजरा खालून अर्धा वळवला,
न सांगता.

आष्ट्यात वन्सं मागून फिरून बघून आल्या.
"कुठल्या पार्लरला गेली होतीस गं?"
"यार्डातल्या."
पुरुषांच्या पंगतीत कुणाला तरी ठसका लागला.

रात्री दिव्याखाली मान खाली घालून बसले.
एकेक आकडा काढून वाटीत टाकत होते,
प्रत्येकाचा वेगळा आवाज.
लाभ, दोन… आठ, नऊ, दहा.
थांबले. वाटीतले परत मोजले.
"अकरा घातलेते."
घट आली की यांना झोप लागत नाही, मला ठाऊक आहे.
मोबाईलची बॅटरी लावली,
केसांत बोटं घालून बट बट उलगडू लागले,
मुळापासून टोकापर्यंत, पुन्हा मुळापासून.

अकरावा दुपारीच निसटला होता, गाडीत.
प्लास्टरमधून बाहेर आलेल्या चार बोटांत
तो घट्ट धरून
मी मान आणखी थोडी खाली घातली.