दिवस मावळायच्या आत

सांगलीत समुद्र नाही.
आहे तो आमच्या पुढच्या खोलीत,
दोनशे लिटर, काचेत,
बादलीत मीठ घोटून मी केलेला.
नदी जवळ आहे, पण तिचं पाणी घालत नाही;
वरच्या उसाचा युरिया उतरलेला असतो तिच्यात,
आणि प्रवाळांना नेमकं तेच सोसत नाही.

तरी नायट्रेट चढत गेलं.
माशांना घातलेला चिमूटभर जास्तीचा घास,
खडकामागे कुजलेलं कायबाय,
परीक्षानळी रोज थोडी अधिक गुलाबी.
मामांचं साडेतीन एकर असंच गेलं होतं,
पाजून पाजून, खत घालून घालून.
वर पांढरं फुटलं शेवटी.

उपाय उफराटा आहे.
पाणी निवळायचं तर पाण्यातल्या अदृश्य जिवांना
आणखी खायला घालायचं.
नायट्रेट, फॉस्फेट त्यांच्या ताटात ढीगभर,
पण नुसतंच कालवण; भाकरी नाही.
कार्बन म्हणजे भाकरी.
ती मिळाली की ते जेवतात, वाढतात,
फेसावर बसून स्किमरच्या पेल्यात चढतात,
कोऱ्या चहाच्या रंगाचे.

भाकरी तीन तऱ्हेची: साखर, शिरका, वोडका.

दुकानात म्हटलं, बिनवासाची द्या, साधी.
काउंटरवरचा माणूस दादांच्या हाताखाली शिकलेला, चौथी ब.
‘मगदूम सरांच्या घरी?’
‘माशांना,’ मी म्हटलं.
त्यानं बाटली दोन पेपरांत गुंडाळली
आणि पुढे काही विचारलं नाही.

दादा मधसुद्धा खात नाहीत.
नळाचं पाणी अजून फडक्यातून गाळतात.
सिरिंज दाखवली: बघा, अर्धा मिली.
त्यांनी बाटलीकडे पाहिलंच नाही.
‘यानं किती जीव जन्मतात?’
कोट्यवधी.
‘आणि पेल्यात जातात ते?’
तेही.
पेपरची घडी घालून ते आत गेले.

त्यांच्यासाठी साखर करून पाहिली.
वाळूवर लाल बुळबुळीत मखमल पसरली.
शिरका बरा होता, पण घरभर लोणच्याचा वास.
पुन्हा बाटलीवर आले.

पर्युषणातली ती रात्र.
मिरजेच्या लॅबमधून दहाला घरी,
डोळे मिटत होते, सिरिंज भरली, रिकामी केली.
सकाळी एकदा घातली होती हे
साडेअकराला लाइट गेल्यावर आठवलं.

बॅटरीच्या उजेडात टाकी: तांदळाचं धुवण.
मासे वर आलेले, तोंडं उघडी.
पंप गप्प. इन्व्हर्टर दुरुस्तीला.
दादा उपासाचे, सातवा दिवस,
स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आले,
बुडवला, हात उंच केला, ओतला.
बुडवला, उंच केला, ओतला.
‘पाणी उंचावरून पडलं की हवा घेऊन पडतं,’ म्हणाले,
जणू फळ्यावर लिहीत होते.
आम्ही आळीपाळीनं ओतत राहिलो
चार वाजून दहा मिनिटांपर्यंत.

पिवळा एक गेला.
शेवग्याच्या बुडाशी त्यांनीच पुरला.
मग, हात धुता धुता:
‘रात्रीच का गुदमरले?’
मी सांगितलं. दिवे बंद झाले की
प्रवाळातलं शैवाल प्राणवायू सोडत नाही;
आणि जेवायला बसलेले ते कोट्यवधी
सगळ्यांच्या वाटणीचा श्वास ओढतात.

दादा बराच वेळ नॅपकिनला हात पुसत होते.
‘मग दिवस मावळल्यावर
जेवायला घालतेसच कशाला त्यांना?’

आता साडेपाचला, गच्चीवर ऊन असताना,
दादांचं ताट वाढण्याआधी टाकीचं होतं.
लॅबमध्ये सांगून तासभर लवकर सुटते त्यासाठी.
नायट्रेट पाचावर टेकलंय.
जांभळ्या फांद्यांची टोकं पुन्हा पांढुरकी, वाढती.

बाटली कपाटात, त्यांच्या नजरेआड.
पेला रविवारी मीच धुते, नळ मोठा सोडून,
आणि त्या प्रश्नाचं उत्तर
अजून माझ्याकडे नाही.
दादाही पुन्हा विचारत नाहीत.
फक्त सिरिंज उजेडाकडे धरली की
चष्मा कपाळावर सरकवून जवळ येतात:
‘रेघेच्या वर गेलंय.
थोडं कमी कर.’