एका दमात मावेल तेवढंच

रात्री दोनला मी बादली घेऊन उतरते
बुसानच्या त्या तळघरात, जिथे शंभर खुर्च्या
निळ्या उजेडात बुडालेल्या असतात.
नूडल्सचे वाडगे उचलते, बोटांचे तेलकट डाग पुसते.
कुणी वर बघत नाही.
मला त्याचं काही वाटत नाही. चाळीस वर्षं
समुद्राच्या तळाशी मीही कुणाकडे बघितलं नाही.

जेजू बेटावर आम्ही बाया नळकांड्याशिवाय बुडी मारायचो.
एक दम, एक कातळ, नशिबात असला तर एक शिंपला.
पहिल्या दिवशी सासूनं शिकवलं ते पोहणं नव्हे,
परत फिरणं.
"दम संपत आला की जो दिसतो ना,
तोच शिंपला सगळ्यात मोठा असतो.
तो तुझा नाही."

त्या शिंपल्यापायी ओक-नाम गेली.
मुठीत लोखंडी उचकणी तशीच होती,
आणि हवा
हातभर वर.

एकेचाळीस नंबरला ह्योन-गु बसतो.
जहाजं बांधायला शिकत होता म्हणे;
आता कॉलेजात त्याचं नाव तेवढं जातं.
"आजी, एकच डाव," तो म्हणतो,
मी काही न विचारताच.

त्याची आई कधीतरी येते, जिन्यावरच थांबते.
"डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवलं," म्हणाली,
"सुख टिपणाऱ्या जागा थकल्यात म्हणे.
भाताला चव लागत नाही त्याला, मित्र नकोसे झालेत,
अंघोळ म्हणजे डोंगर.
लोक म्हणतात, आळशी आहे."

मी तिचा हात माझ्या कानावर नेला.
"समुद्रानं रोज दाबले, म्हणून मिटले हे.
आरडाओरडीच्या घरात आपण दार लोटून घेतो ना, तसे.
कान आळशी नव्हते, बाई.
पण आता नातू हळू बोलला
तर त्याचे नुसते ओठ दिसतात."
ती हसली की रडली, कोण जाणे.
मला खरंच ऐकू आलं नाही.

बहिणीनं बेटावरून संत्र्यांची पेटी पाठवली.
रोज एक त्याच्या माऊसशेजारी ठेवते.
पहिलं त्यानं सालीसकट चावलं, पडद्यावरची नजर न काढता.
पुढची चार तिथंच सुकली.
सहावं शेजारच्या पोरानं पळवलं.
मी बोलत नाही. पाण्याखाली हाका पोचत नाहीत;
वर आपला वाळका भोपळा तरंगत ठेवायचा,
वर येणाऱ्याला धरायला काहीतरी असावं म्हणून.

काल वीज गेली.
शंभर पडदे एकदम काळे. आधी शिव्या,
मग इतकी शांतता
की पोरांना आपापले हात सापडेनात.
आणि एकेचाळीस नंबरवरून
एक लांबलचक सुस्कारा आला, शिट्टीसारखा,
बुडीतून वर आल्यावर आमच्या छातीतून निघायचा तसा.
माझ्या या कानांनाही तो ऐकू आला.

अंधारात साल सोलल्याचा वास.
मी जवळ गेले, तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला,
"आजी, आंबट आहे हे!"
जणू मी त्याला फसवलं होतं.

मग दिवे आले.
तो वळला. पडद्याकडेच वळला.
गालात मात्र फोड होती,
आणि तो ती
सावकाश चावत होता.