सोळावी कळ

दगडातून शब्द जात नाही.
म्हणजे जातो, पण वाटेत झिजतो.
पॉपॉ लिकच्या डोंगराखाली नऊशे फूट खडक,
मधे जुन्या खाणीची पाण्यानं भरलेली पोकळी.
एवढं ओलांडून वर येतात
मिनिटाला सहा अक्षरं,
तीही नशीब बरं असेल तर.

म्हणून वाक्यं आम्ही आधीच ठरवली.
जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, सोळा कळा,
जाड हातमोज्यानंही दाबता येतील अशा.
एक : सगळे जिवंत.
दोन : जखमी आहेत.
पाच : हवा बिघडतेय.
नऊ : पाणी चढतंय.
चर्चच्या तळघरात बसून, कागदी कपातली कॉफी पीत
माणसाला जमिनीखाली काय काय म्हणावंसं वाटेल
याची आम्ही यादी केली.
पंधरा झाली. सोळावी सुचेना.

मागच्या खुर्चीवरून व्हर्लिन टॅकेट म्हणाला,
"मी ठोकत होतो."

छताच्या बोल्टवर, हातोडीनं.
शिकवलं होतं तसंच : दहा ठोके, मग पंधरा मिनिटं गप्प.
वरून सुरुंगाचे बार ऐकू आले की समजायचं, कळलं त्यांना.
चौघं होते. हवा होती, पाणी होतं,
ड्यूईच्या डब्यात अर्धं सँडविचसुद्धा होतं.
ऐकायचं यंत्र दुसऱ्या राज्यातल्या गोदामात,
आणि किल्लीवाला माणूस रजेवर.
"तिसाव्या तासाला ड्यूईनं हातोडी खाली ठेवली.
दमला नव्हता तो.
नुसती ठेवली."

कोणीतरी खुर्ची सरकवली.
कंपनीचा माणूस म्हणाला, संदेश पोचला की हिरवा दिवा लागतो.
व्हर्लिन म्हणाला, "दिवा यंत्राचा.
तुमच्या पंधराही कळा खालून वर बोलतात.
वरून खाली कोण बोलणार?"

मग त्या एका कळेवर काय लिहायचं
यावर पाऊण तास गेला.
तुमचा संदेश मिळाला आहे. आम्ही प्रयत्न करत आहोत. धीर धरा.
सगळंच लांब, सगळंच सरकारी,
अक्षरं मोजली की तीन-तीन मिनिटांचं.

मला इचलकरंजीचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.
आई आतून हाक मारायची, मी पुस्तकातच.
"येऊ नकोस हवं तर," ती ओरडायची,
"पण आधी ओ दे!"

वहीच्या कोपऱ्यात मी ते एक अक्षर लिहिलं.
त्यांना समजावताना माझी तारांबळ उडाली :
हो नव्हे, येते नव्हे, मदत तर नव्हेच.
फक्त, हाक पोचली, आणि जिथं पोचली तिथं माणूस आहे.
व्हर्लिननं ते दोनदा म्हणून पाहिलं.
त्यांच्या लिपीत ते अगदी गोल दिसतं.

चाचणीला हिकरीच्या झाडांभोवती तार अंथरली,
मैलभराचा वळसा, कुजक्या पानांतून.
पहिल्या दिवशी काहीच आलं नाही.
वीजवाहिनीची गुणगुण सगळं गिळत होती.
दुसऱ्या दिवशी तार पश्चिमेला सरकवली.
पिकअपच्या मागच्या फळीवर ड्यूईची बायको ओलेटा,
मांडीवर थर्मास, कोणीही बोलावलं नव्हतं तिला.

दोन वाजून अकरा मिनिटांनी कागदावर उमटलं :
एक.
चाचणीच होती. खाली तिघं तंत्रज्ञ,
वर येऊन पिझ्झा खाणार होते.
तरी ओलेटानं थर्मासचं झाकण
लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

नियम असा ठरलाय की सोळावी कळ
यंत्रानं आपोआप दाबायची नाही.
दर पंधरा मिनिटांनी माणसानंच दाबायची,
कितीही तास, कितीही रात्री,
सांगण्यासारखं काही नसलं तरी.

मी ओलेटाकडे पाहिलं. ती उठून आली.
तिचा अंगठा थरथरत होता, थंडीही होतीच.
दाबली.
आणि कितीतरी वेळ
उचललाच नाही.