दोन आठवडे फक्त

"दोन आठवडे फक्त," मायरे म्हणाली,
कुंडी माझ्या उंबऱ्यात टेकवली
आणि लूलेओची गाडी धरली, लेकीकडे.
त्याला आता तीन वर्षं झाली.

आमच्या किरुनात खाण गावाखाली शिरलीय.
जमीन खचते, म्हणून गावच उचलून
पूर्वेला नेताहेत, घरामागून घर.
जिन्यातली सहा बिऱ्हाडं गेली होती.
उरलो मी, पाइपांची घरघर,
आणि हे:
गोल पानं, नाण्याएवढी,
देठ पानाच्या मधोमध, छत्रीच्या दांडीसारखा.
नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी लोखंडाचा माणूस. अडतीस वर्षं
किलोमीटरभर खाली सुरुंगाची भोकं पाडली.
घरात जिवंत असं काही ठेवलं नव्हतं,
बिरिट गेल्यावर तर पावाचं खमीरसुद्धा नाही.

पाणी घातलं. रोज. कपाने.
मी कॉफी पितो तर त्यानेही काही प्यावं, म्हणून.
बाराव्या दिवशी पानं पिवळी.
एक गळलं, मग चार,
आणि मला, साठीच्या माणसाला, धडधडलं,
परक्याचं पोर माझ्याकडे असताना फणफणलं जसं.

फोन केला. मायरे हसली नाही.
"बोट घाल मातीत. दुसऱ्या पेरापर्यंत."
"आणि?"
"आणि काय? ती सांगेल."

अडतीस वर्षं जमिनीच्या पोटात गेलो,
पण तिला असं बोट लावून
कधी काही विचारलं नव्हतं.
गार होती. चिकट. नखात ओल बसली.
"बास कर," म्हणत असावी.
नऊ दिवस हात मागे बांधून फिरलो.
स्वयंपाकघरात, तेही. दुसरी खोली होती तरी.

डिसेंबरात सूर्य उगवत नाही इथे.
दुपारी काचेवर निळसर काही येतं नि जातं.
मी हेल्मेटचा दिवा काढला,
पडद्याच्या दांडीला बांधला, खाली कुंडी.
लेनार्ट म्हणाला, "स्टूरे, यालाही शिफ्टला लावलंस की!"
तो दिवा पुरत नाही, दुकानातली मुलगी म्हणाली,
वेगळा मिळतो, जांभळट.
आणला.
रिकाम्या इमारतीत एकच खिडकी, जांभळी.
पोलिसांची गाडी एकदा खाली थांबून गेली.

फेब्रुवारीत, बुडाशी, एक हिरवी टिकली.
कुठून काही पडलंय वाटलं,
चिमटीने उचलायला गेलो
तर तिला खाली देठ.
जमिनीतून वर येताना मी आजवर
दगड पाहिले होते, आणि पाळी सुटलेली माणसं,
डोळ्यांभोवती काळी.
खुर्ची ओढून बसलो. कॉफी गार झाली.

मग दुसरी. मग पाच.
चांगलं लेकुरवाळं निघालं की हे!
तंबाखूच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली,
तेवढं मला येतं,
आणि एकेक पिल्लू वेगळं केलं, श्वास धरून.
एक लेनार्टला दिलं. त्याने मारलं.
दुसरं दिलं.

माझी पाळी आली तेव्हा उणे सत्तावीस होतं.
सामान दोन खेपांत गेलं, कुंड्यांना पाच लागल्या.
आधी गाडी तापवायची, मग कुंडी वर्तमानपत्रात,
थोरलीला कागद पुरेना.
कपाटातून बिरिटची लोकरी टोपी काढली.
तीन हिवाळे तिला हात लावला नव्हता.
घातली. बरोबर बसली.
शेजारच्या सीटवर, पट्टा लावून,
ताशी वीसने गेलो.

परवा मायरेचा फोन: "माझं झाड आहे का रे अजून?"
"कुठलं?" मी म्हणालो,
आणि तिला खिडकीतली सगळी मोजून दाखवली.
अकराला ती म्हणाली, पुरे.

रात्री दीडला खाली सुरुंग उडतात.
जुन्या घरात कपबश्या किणकिणायच्या.
इथे काही हलत नाही, जाग मात्र येते.
अंधारातच खिडकीशी जातो.
दुसऱ्या पेरापर्यंत.
कोरडं.
"सकाळी," म्हणतो, आणि बोट
न पुसताच पांघरुणात घेतो.