व्हिसावर सुतार

शारजात रोलाच्या मागच्या गल्लीत,
चष्म्याच्या दुकानाला लागून आमचं टायपिंग सेंटर.
दोन कॉम्प्युटर, तीन खुर्च्या,
आणि एक झेरॉक्स, जी तापली की कागदावर काळी रेघ ओढते.
नऊ वर्षं मी इथे दुसऱ्यांची नावं टाइप करते,
आधी अरबीत, मग इंग्रजीत,
आणि मनात एकदा मराठीत, चुकू नये म्हणून.

आज माझाच फॉर्म उघडलाय.
समाजशास्त्र, पीएचडी, फी माफ, वर स्टायपेंड.
तिकडचे दुपारचे चार म्हणजे आमचे रात्रीचे आठ.
प्रपोजल हजार शब्दांत हवं होतं, माझं झालं अकराशे बासष्ट.
काल विशेषणं काढली, मग 'तथापि' काढले,
तरी नऊ शब्द उरले. ते चिवट निघाले.

शिक्षणातला खंड : कारण लिहा, पन्नास शब्द.
म्हणजे वर्षाला साडेपाच.
अब्बांच्या डायलिसिसला मी त्यातले चार दिले.
कायमचा पत्ता : फुरुस, तालुका खेड.
कायमचा म्हणजे जिथे आम्ही मे महिन्यात
कुलूप उघडून आधी झाडू शोधतो.
शिफारस लोवलेकर मॅडमची.
त्या आता लेकीच्या फोनवरून पत्रं पाठवतात,
आणि लेक विसरभोळी.
तीन आठवणी दिल्या. चौथी देताना
माझीच मला लाज वाटली.

विषय माझा इथेच, या खुर्चीत सापडलेला :
व्हिसावर लिहिलेला पेशा, आणि हातातलं काम.

सव्वासातला बाबाजी जोयशी आले, मंडणगडचे.
कार्ड संपतंय. पेशा, सुतार.
अकरा वर्षांत रंध्याला हात नाही.
दोराला लटकून काचा पुसतात,
सव्विसाव्या मजल्यापासून खाली.
"तुझं काय चाललंय, बाय?"
सांगितलं. ते खुर्ची ओढून बसलेच.
"शिकायचं तू, आणि पैसे ते देणार?"
हो.
"मग काम काय?"
तुमच्यासारख्यांना प्रश्न विचारायचे.
"विचारणारीला पगार," ते म्हणाले, सावकाश,
जणू बादली खाली सोडतायत,
"आणि सांगणाऱ्याला?"

तो रकाना होता. बाराव्या पानावर.
सहभागी व्यक्तींना या संशोधनाचा लाभ काय?
मी लिहिलं होतं, त्यांना आवाज मिळेल.
वाचून दाखवलं. का दाखवलं कोण जाणे.
"आवाज हाय की आमच्याकडं," बाबाजी म्हणाले,
"दोन महिन्यांचा पगार न्हाय."

ओळ खोडली.
रकाना लाल झाला. रिकामा चालत नाही त्यांना.
सात एकेचाळीस.
बाबाजींचं कार्ड आधी भरलं, कारण ते
रांगेत होते, आणि मालक कॅमेऱ्यातून बघतात.
पेशाच्या जागी बोट थांबलं.
सुतारच लिहिलं.
खरं लिहिलं असतं तर मला आनंद झाला असता
आणि त्यांना विमानाचं तिकीट.

सात चोपन्न. लाल रकान्यात लिहिलं :
अजून मला माहीत नाही.
सांगणाऱ्याच्या एका दिवसाची मजुरी
बजेटात धरायची राहून गेली, ती आता धरते आहे.
याहून मोठा लाभ मी कबूल करू शकत नाही.
बजेटाचं पान उघडलं, प्रवासखर्चातून कापलं.
शब्द किती झाले ते मोजले नाहीत.
सात अठ्ठावन्नला बटण दाबलं,
चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं,
रोलात तेव्हाच सगळ्यांना घरी फोन लावायचे असतात.

मिळालं, असा एक क्रमांक आला. चौदा आकडी.
लोवलेकर मॅडमचं पत्र पोचलं का, ते त्यात नव्हतं.

बाबाजींनी वीस दिरहम दिले. पाच परत केले.
त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली, काळ्या रेघेसकट,
आणि बाहेर पडताना
आमच्या दाराच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचा डाग होता,
तो बाहीने पुसला,
मागे न बघता.