ओडेला व्राबेलचे हात

बुधवारी दुपारी रिंकवर गर्दी नसते.
मी काउंटरमागे स्केटच्या चाकांत तेल सोडत बसतो
आणि ती येते, कोटावरचा बर्फ दारातच झटकून
ऑर्गनसमोर बसते. आधी बूट काढते.
पेडल पायाला कळायला हवं, म्हणते, बुटाला काय कळतंय.

यंगस्टाउन तेव्हा रात्रीही तांबडं असायचं.
बाप पोलादाच्या भट्टीवर, घरात एकच अकॉर्डियन,
त्याचा भाता तीन ठिकाणी शिवलेला.
टाक्यांतून वारा निसटायच्या आत
सूर गाठायचा,
एवढंच तिचं शिक्षण.

कॅलिफोर्नियात त्यांनी तिचे हात ठेवून घेतले,
चेहरा परत केला.
अकरा चित्रपटांत पियानोवर तिची बोटं आहेत,
मनगटाच्या वर दुसरीच कुणी,
सोनेरी केस, वेळेवर भरून येणारे डोळे.
एकदा त्या दुसरीची अंगठी हिच्या बोटात अडकली,
साबण लावून काढावी लागली.
तेवढ्यात काय ते आम्ही दोघी बोललो, म्हणते.
तिला माझ्या बोटांचा राग. मला तिच्या मानेचा.

मग टीव्ही. सात वर्षं शेजारीण.
साखर मागायची, टोमणा मारायचा, दार ओढायचं,
मागून आधीच भरून ठेवलेला हशा.
त्या दिवाणखान्यात एक पियानो होता,
वर कायम फुलदाणी.
शेवटच्या दिवशी तिनं झाकण उघडलं:
पट्ट्या नव्हत्याच. कोरी फळी,
आणि सुतारानं पेन्सिलीनं लिहिलेलं कसलंसं माप.

लग्नं दोन. दुसऱ्याबद्दल बोलते.
रेकॉर्ड एक, वेष्टनावर चेहरा आणि हात एकत्र.
उरलेल्या प्रती भावाच्या गॅरेजात
पाइप फुटला तेव्हा भिजल्या.
माझ्याकडे आहे त्यातली. वाकडी.
सुई तिच्यावर होडीसारखी डुलते.

अजून चेक येतात.
कुठल्याशा देशात मध्यरात्री शेजारीण साखर मागते,
त्याचे एकेचाळीस सेंट.
ती ते बँकेत नेत नाही, घडी घालून
बाकाच्या आखूड पायाखाली सरकवते.
बाक आता दुसरीकडे कलायला लागलाय.
सांगून पाहिलं. ऐकत नाही.

चारला शाळा सुटते.
पोरं घसरतात, आपटतात, कठडा धरतात.
एखादी नवशिकी मधोमध थिजली
की ओडेला लय उतरवते,
अख्ख्या रिंकला मग हळू व्हावं लागतं,
मोठी पोरं कुरकुरतात.
वळून न बघता तिला हे कसं कळतं?
ऑर्गनवर जुन्या मोटारीचा आरसा चिकटवलाय.
त्यात सगळे दिसतात, ती सोडून.
परवा पुसताना माझ्या हातून तो हलला
आणि क्षणभर तिला तिचं कपाळ दिसलं असावं.
वाजवता वाजवताच एका हातानं
तिनं तो होता तसा केला.
सूर एकही गळला नाही.