घर बंद

सिव्हिलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
निकालाची प्रत आली. सत्तावीस पानं, इंग्रजीत.
मॅडमनी पेढे वाटले.
औषध लागू पडलं होतं;
घरात एकाला क्षय झाला, तर बाकीच्यांना तो होण्याआधीच अडवणारं.
किती टक्के, ते दशांशचिन्हापुढे दोन घरं जाऊन लिहिलं होतं.

मी चौथ्या तक्त्यात माझी माणसं शोधत होतो.
तिथं नावं नसतात.
शेवटची ओळ: संपर्क तुटलेले, अकरा.
त्यातली एक माझी.

नरसूबाई कोडम. साखर पेठेतला बोळ,
इतका अरुंद की स्कूटर बाहेर लावून
डबा छातीशी धरून आत जायचं.
नवरा मागावर. त्याच्या थुंकीत जंतू सापडले
आणि अभ्यास तिच्या उंबऱ्याशी आला
माझ्या चपला घालून.

संमतीपत्र मी मराठीत वाचलं,
शेजारच्या पोरीनं तेलुगूत सांगितलं:
निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी.
कोणाला काय, ते तुम्हाला कळणार नाही,
मला नाही, मॅडमनाही नाही.
कात्री थांबली. अर्धं कापलेलं पान सुपात पडलं.
"तू देतो, आन् तुला बी ठाऊक नाही काय देतो ते?"
नाही, म्हटलं.
"मग दे. ठाऊक असणारा माणूसच फसवतो बग."
अंगठ्याची शाई मी उगाच उघडली होती.
तिनं सही केली, गोल तेलुगू अक्षरात,
विडीचं तोंड मिटावं तशी शेवटी जरा दाबून.

गोळ्या मोजायच्या कशा, ते सांगायला लागलो तर हसली.
दिवसाला हजार वळते मी. पंचवीसची जुडी.
कारखान्यात छाटतात त्या बी मोजते, तोंडात धरून ठेवते आकडा.
मला तीस शिकवतो का रे?

दर महिन्याला रिकाम्या पट्ट्या मिळायच्या,
विडीच्याच दोऱ्यानं बांधलेल्या.
प्रयोगशाळेतली मुलगी पाकीट उघडलं की शिंकायची.
नळाचा दिवस असला, चार दिवसांनी येणारं पाणी,
तर तिच्या घागरींपाशी मी उभा राहायचो
आणि ती आत जाऊन माझ्या नावानं हाक मारून गोळी गिळायची,
मला ऐकू यावं म्हणून.
नोंदवहीत याला रकाना नव्हता.

पाचव्या महिन्यात कुलूप.
नियम असा: तीन फेऱ्या, तीन वेगळ्या वेळी.
गड्डा भरला होता, पाळण्यांचे दिवे बोळातून दिसत होते.
घर बंद.
घर बंद.
घर बंद. हे तिसरं जरा तिरकं आलंय,
वही भिंतीला टेकवून लिहिलं होतं.

एप्रिलात दुसऱ्याच कुणाकडे चाललो होतो,
शेजारणीनं थांबवलं.
माग विकला गेला त्यांचा. सिरसिल्ल्याला गेली दोघं, भावाकडं.
तुमच्यासाठी ठेवलंय.
दोरा, गाठ, तंबाखूचा वास. तिथंच पायरीवर मोजलं:
एकोणतीस घरं रिकामी,
एक बंद.
"म्हणाली, ही मुद्दाम ठिवली. तपासून बगा म्हणावं, खरी होती का."

मुदतीनंतर आलेलं धरत नाहीत.
विचारून पाहिलं. धरत नाहीत.

आता संकेत फुटलाय. यादी मॅडमच्या संगणकावर आहे.
ज्यांना नुसतीच गोळी मिळाली
त्यांना खरं औषध द्यायचं ठरलंय, पत्रं जातील
नोंदवहीतल्या पत्त्यांवर.
नोंदवहीतल्या.

"तुझ्यातला कुठला क्रमांक बघू?" मॅडमनी विचारलं.
माझ्या तोंडात पेढा होता,
विरघळत नव्हता, नुसता गोड लागत होता.
मी खिशातली पट्टी चाचपली.
क्रमांक सांगायच्या आधी शिपायाला विचारलं,
रात्रीची हैदराबाद गाडी किती वाजता सुटते,
आणि पुढं सिरसिल्ल्याला कुठं बदलायची.